दहा तारीख, चौदा दूध केंद्रं

पहाटे ५:४०

फलटणहून पंढरपूरच्या दिशेने पालखी मार्गाने निघालं आणि विडणी मागे टाकली, की थोडं पुढे एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर दूध संकलन केंद्र आहे. दहा बाय बाराची खोली, पुढे पत्र्याची शेड. जानेवारीची थंडी. रांगेत सात-आठ जण उभे, कानाला मफलर, हातात किटल्या. उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्यात. ट्रॅक्टरवरचं गाणं लांबपर्यंत ऐकू येतं.

ती स्कूटीवरून आली. पाठीला लॅपटॉपची बॅग. वय तिशीच्या आसपास. मुधोजी महाविद्यालयातून बी.एस्सी., मग पुण्यात हिंजवडीला नोकरी, मग लग्नानंतर परत फलटण. एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पोचवायची, हे तिचं काम. तालुक्यातल्या १४ दूध केंद्रांत तिची जोडणी चालते. इथे तिला सगळे ताई म्हणतात.

आज दहा तारीख. दुधाचं बिल दहा-दहा दिवसांचं असतं. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. आज रात्री पहिलं बिल बंद होणार, म्हणून ती पहाटेच केंद्रावर. आज दिवसभर मी तिच्यासोबत.

५:५५

केंद्राचे सचिव खाते नंबर विचारतात आणि कीबोर्डवर मारतात. दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं जातं. आकडा स्थिर झाला की तो वायरीतून थेट संगणकात. पळीभर नमुना बाटलीत, बाटली फॅट मशीनच्या नळीखाली. मशीन नमुना ओढून घेतं, जरा वेळ गुरगुरतं. फॅट ३.८, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५. दरपत्रकातून दर निघतो. ८.४ लिटर, दर ३५, रक्कम २९४ रुपये. छोट्या प्रिंटरमधून पावती येते. म्हातारबाबा ती टोपीच्या घडीत ठेवतात. पुढचा नंबर.

इथवरचं काम केंद्राच्या सॉफ्टवेअरचं. इथून पुढे तिचं. हीच नोंद तिच्या सर्व्हरवर जाते. तिथून शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, दूध संस्थेच्या गुगल शीटमध्ये एक ओळ पडते, आणि दहा दिवसांनी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाची व्हाउचरं तयार होतात. आधी ही शीट रोज रात्री एक मुलगा हाताने भरायचा. दोन तास जायचे, आणि घाईत एखाद्या ८ चा ३ व्हायचा.

हे सगळं ती एन-एट-एन नावाच्या ऑटोमेशन प्लॅटफॉर्मवर चालवते. कंपनी बर्लिनची, २०१९ ची. तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो. सर्व्हरचं भाडं महिन्याला ७५० रुपये. जीमेल, गुगल शीट यांच्यासारख्या शेकडो सॉफ्टवेअरच्या जोडण्या त्यात तयार मिळतात. दूध केंद्राच्या सॉफ्टवेअरची मिळत नाही. ती तिने स्वतः लिहिली आणि स्वतःच्याच सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली. बाहेरच्या कुणाला ती दिसत नाही, कुणाला उतरवून घेता येत नाही. ही झाली खासगी जोडणी.

६:३०

"ताई, सांजची म्हशीची पावती मोबाईलवर आलीच न्हाय. गाईची आली बगा."

"कधीपासनं, काका?"

"म्हैस आणल्यापासनं. हितं कागदाची पावती मिळतीय. मोबाईलवर न्हाय."

ती क्रेट उलटा करून त्यावर बसली. लॅपटॉप मांडीवर. मला बोटाने दाखवत गेली, म्हणून नेमकं काय चुकलं ते कळलं.

केंद्रावर वीज जाते, नेट जातं. परत आलं की सॉफ्टवेअर मागच्या नोंदी पुन्हा पाठवतं. एकच नोंद दोनदा आली तर शेतकऱ्याला दोन मेसेज जातील आणि शीटमध्ये दूध दुप्पट दिसेल. म्हणून प्रत्येक नोंदीला एक ओळख नंबर लागतो. तोच नंबर दुसऱ्यांदा आला, तर नोंद सोडून द्यायची. तिचा ओळख नंबर तीन गोष्टींचा होता: खाते नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ. काकांकडे इतके दिवस फक्त गाय होती. आता त्याच खात्यावर, त्याच संध्याकाळी, दोन नोंदी पडतात. गाईची पहिली, म्हशीची दुसरी. तिन्हींचा मेळ तोच, म्हणून म्हशीची नोंद ‘आधी आलेली’ समजून बाजूला पडत होती. ४.२ लिटर, दर ५२, रक्कम २१८ रुपये ४० पैसे. केंद्राच्या संगणकात बरोबर, संस्थेच्या शीटमध्ये गायब.

दुरुस्ती साधी वाटते. नंबरात चौथी गोष्ट घालायची: गाय की म्हैस. पण तसं सरळ केलं तर गेल्या दहा दिवसांच्या सगळ्या नोंदींचे नंबर बदलतील, त्या नव्या समजल्या जातील, आणि १४ केंद्रांच्या शेतकऱ्यांना जुने मेसेज पुन्हा जातील. म्हणून तिने एक अट घातली. आज सकाळी सातनंतरच्या नोंदींना नवा नंबर, आधीच्यांना जुनाच. खोट्या खात्यावर एक गाय, एक म्हैस टाकून पाहिली. दोन्ही मेसेज आले. काकांच्या राहून गेलेल्या नोंदी शीटमध्ये हाताने भरायच्या, असं तिने वहीत लिहिलं.

७:०५ ला १४ ही केंद्रं नव्या दुरुस्तीवर होती. कुणाला विचारावं लागलं नाही. जोडणी तिची, सर्व्हर तिचा, वापरणारे सगळे ओळखीचे.

८:१५

नाना पाटील चौकात पोहे आणि चहा. दोघांचे मिळून ७० रुपये. ते तिनेच दिले. सुरवडीच्या कमिन्सच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बसगाड्या एकामागे एक गेल्या. तिचा भाऊ तिथे शिफ्टला असतो. घरचे अधूनमधून म्हणतात, तूही कंपनीत चिकट. ती ऐकून घेते.

९:३०

लक्ष्मीनगरात पहिल्या मजल्यावर ऑफिस. भाडं ३,५०० रुपये. दोन टेबलं, एक इन्व्हर्टर, भिंतीला चौदा केंद्रांची नावं लिहिलेला फळा. मदतीला डिप्लोमा झालेला एक मुलगा, पगार ८,०००. तो येऊन झाडून घेतो, मग रात्रीच्या चुकांची यादी काढतो. आज यादीत दोन ओळी. दोन्ही नेट गेल्याच्या.

केंद्रामागे ती महिन्याला ४०० रुपये घेते. चौदांचे ५,६००. त्यात मुलाचा पगारसुद्धा निघत नाही. उरलेलं बाकीच्या कामांतून येतं: कृषी सेवा केंद्राचं बिलिंग, क्लासच्या प्रवेशाचे फॉर्म, एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंट. सगळा खर्च जाऊन पुण्यातल्या पगाराच्या निम्मं हातात पडतं.

मेल उघडला. ज्याची ती वाट बघत होती तो आला होता. दूध केंद्राचं सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं, त्या मालकांचा. गृहस्थ शेजारच्या जिल्ह्यातले. त्यांचं सॉफ्टवेअर आता दूरवरच्या दूध कंपन्यांनाही विकायचं आहे. तिची जोडणी त्यांनी पाहिली आहे. तशीच एक झॅपियरवर बनवून सार्वजनिक करा, जगाच्या यादीत आमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं पाहिजे, असं म्हणणं. एकरकमी ४५,००० रुपये. आज संध्याकाळपर्यंत कळवा.

मुलगा मागून वाचत होता. तो म्हणाला, "ताई, घ्यायचं की."

ती म्हणाली, "आधी बघू काय काय करायला लागतंय."

१०:४५

झॅपियर २०११ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात सुरू झालं. अशा जोडण्यांच्या धंद्यातलं सर्वांत परिचित नाव. तिथेही जोडणी दोन प्रकारची. खासगी ठेवली तर आमंत्रणाची लिंक पाठवून शंभर जणांपर्यंत देता येते. यादीत नाव येत नाही, तपासणी होत नाही. सार्वजनिक करायची तर झॅपियरची माणसं ती तपासतात, मग ती सगळ्यांना दिसते. सुरुवातीला तिच्यावर बीटा असा शिक्का असतो.

तिने वहीचं पान उभं दुमडलं. डावीकडे लिहायला लागली.

एक. सार्वजनिक जोडणी सॉफ्टवेअरच्या मालकाची, किंवा मालकाच्या परवानगीने केलेली असावी लागते. म्हणजे खातं मालकांच्या नावाने काढायचं. स्वतःच्या नावाने नाही.

दोन. तपासणाऱ्यांना आत शिरून बघायला एक चाचणी खातं द्यावं लागतं. खऱ्या केंद्राचं देता येणार नाही. एक खोटं केंद्र उभं करायचं, खोटे सभासद, खोटं दूध, खोटी बिलं.

तीन. जोडणीतली प्रत्येक क्रिया खरोखर चालवून दाखवावी लागते. नुसता कोड पाठवून भागत नाही.

चार. तिच्या जोडणीत रकान्यांची नावं मराठीत आहेत. खाते नंबर, वेळ, जनावर, उचल. ती सचिवांनी वाचायची म्हणून. तपासणारा सातासमुद्रापलीकडे बसलेला. सगळं इंग्रजीत पुन्हा लिहायचं.

पाच. या ओळीवर ती थांबली. पेन टेबलावर आपटत राहिली. सकाळी झाली तशी दुरुस्ती सार्वजनिक जोडणीत अर्ध्या तासात होत नाही. नवी आवृत्ती काढायची, ती चालू करायची, मग जुन्या आवृत्तीवर बसलेल्या लोकांना हळूहळू नवीवर आणायचं. ते लोक कोण, कुठले, त्यांनी त्या जोडणीच्या पुढे काय काय बांधून ठेवलंय, हे तिला माहीत नसणार. एखाद्या रकान्याचं नाव बदललं तर कुणाचं तरी बिल अडणार आणि त्याचा मेल रात्री दोनला येणार.

पाचव्या ओळीपुढे तिने लिहिलं: सपोर्ट, कोण?

मालकांच्या मेलमध्ये त्याबद्दल एक शब्द नव्हता.

११:४०

एका केंद्राच्या सचिवांचा फोन. स्पीकरवर.

"ताई, शीटमधी उचलीचा रकाना समद्यांला दिसतोय का?"

"नाही. तुम्हाला आणि चेअरमनना. का हो?"

"एक जण विचारत होता, अमक्याची उचल किती हाय म्हणून. म्हटलं, बगून घ्यावं."

फोन ठेवल्यावर तिने लगेच शीटच्या परवानग्या पाहिल्या. दोन नावं. ठीक. पण ती पाच मिनिटं तशीच स्क्रीनकडे बघत बसली होती.

उचल म्हणजे पुढच्या दुधावर घेतलेले पैसे. पशुखाद्याचं बिल, डॉक्टरचं बिल, पोरीच्या कॉलेजची फी. दहा दिवसांच्या बिलातून ते कापले जातात. कुणाची उचल थकलीय, कुणाची गाय आटलीय, कुणाचं दूध महिन्यात निम्म्यावर आलंय, हे सगळं त्या नोंदींत असतं. ज्या गावात पोरीचं लग्न ठरवायचं असतं, त्या गावात हे आकडे बाहेर जाणं म्हणजे काय, ते तिला वेगळं सांगावं लागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तिची काळजी त्याच्या आधीची आहे. तिचे वडील याच तालुक्यात दूध घालायचे.

जोडणीचा कोड सार्वजनिक झाला म्हणून केंद्रांची माहिती काही उघडी पडत नाही, हे खरं. प्रत्येक केंद्राची गुप्त किल्ली वेगळी. पण जोडणी वापरणारे अनोळखी वाढले की चुकीच्या किल्ल्या, उघडी शीट, भलत्याच माणसाला गेलेला मेसेज, हे सगळं वाढतं. चौदा सचिवांना ती स्वतः जाऊन शिकवून आलीय. चारशे अनोळखी लोकांकडे ती कशी जाणार?

१२:३०

तिने मुलाला एक हिशोब घालून दिला. आपलं विडणीपुढचं केंद्र झॅपियरवर नेलं तर काय होईल?

मुलाने कॅल्क्युलेटर काढला. सभासद ९०. दोन वेळा दूध. रोज १८० नोंदी. महिन्याला ५,४००. झॅपियरच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क. एका नोंदीला निदान एक टास्क.

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी सकाळी ९० जातील. संध्याकाळी दहावी किटली झाली की बंद."

"मग?"

"मग पैसे भरायचे. डॉलरमध्ये."

प्रत्येक किटलीऐवजी प्रत्येक वेळेची एकच बेरीज पाठवली तर महिन्याला साठ टास्कमध्ये भागेल, हे त्याने स्वतःच सुचवलं. ती खूश झाली. पण बेरीज पाठवली की शेतकऱ्याला मेसेज कुठला? ज्या म्हातारबाबांसाठी हे उभं केलं, तेच त्यातून बाहेर पडतात. सार्वजनिक जोडणीचा फायदा मोठ्या दूध कंपनीच्या ऑफिसला. तिथे बेरीज पुरते आणि डॉलरही परवडतात. तो फायदा खोटा नाही. फक्त तो तिच्या चौदा केंद्रांचा नाही, आणि एकदा हे कागदावर दिसलं तेव्हा तिच्या डोक्यातला अर्धा गुंता सुटला, असं मला वाटलं.

१:३०

डबा. शेंगदाण्याची आमटी, भाकरी, ठेचा. वीज गेली. इन्व्हर्टर लागला.

२:१५

रिंग रोडवरचं कृषी सेवा केंद्र. खतांच्या गोण्यांच्या मागे एक संगणक, त्यावर टॅली. टॅली दुकानाच्या संगणकावरच असते, नेटवर नसते. पण तिला एक दार आहे: ९००० नंबरचा पोर्ट. त्या दारातून एक्सएमएल नावाच्या बांधणीत मजकूर पाठवला की टॅलीत व्हाउचर पडतं. हे दार बाहेरच्या जगाला उघडून ठेवायचं नसतं. म्हणून तिने दुकानातल्याच एका जुन्या संगणकावर एन-एट-एन बसवलंय. मोबाईलवर ऑर्डर आली की तिथून शेजारच्या संगणकात व्हाउचर.

यासाठीही तिने एक छोटी जोडणी लिहिलीय. आज ती बघायला आली, कारण एका व्हाउचरात तारीख चुकली. टॅलीला तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आठ आकडी सलग हवी असते. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये दिवस आधी. दहा मिनिटांचं काम. दुकानदारांनी ३०० रुपये दिले आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली.

परत येताना ती म्हणाली, "ही मात्र पब्लिक करणार आहे मी."

मी विचारलं, दुधाची नाही आणि ही का?

तिचं उत्तर मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो. दुधाच्या जोडणीत त्या एका सॉफ्टवेअरचे, त्या गावांच्या पद्धतीचे सगळे खाचखळगे आहेत. बाहेरच्याला तिचा उपयोग नाही आणि त्याने चूक दाखवली तरी ती समजून घ्यायला त्याला दरपत्रक शिकवावं लागेल. टॅली तर देशभर गल्लीगल्लीत आहे. नाशिकच्या मुलालाही हीच तारखेची अडचण येणार. या जोडणीत कुणाची माहिती नाही, दुकानदाराचं नाव नाही, कसली किल्ली नाही. कुणी वापरून सुधारली तर सुधारणा तिलाही मिळेल. झॅपियरवर ती टॅलीच्या नावाने जोडणी जाहीर करू शकत नाही, कारण टॅली तिची नाही. एन-एट-एनच्या समुदायाच्या जोडण्यांमध्ये मात्र कुणीही आपली जोडणी ठेवू शकतो.

निवड करताना नेमकं हेच बघावं, असं माझं मत झालं. दार उघडल्यावर आत काय दिसतं आणि बिघडल्यावर निस्तरणार कोण. यादीतलं नाव नंतर.

४:३०

मालकांना फोन. ती उभी राहून बोलते.

"सर, करून देते. पण खातं तुमच्या कंपनीच्या नावाने. सपोर्टचा मेल तुमचा. ४५,००० मध्ये पहिली आवृत्ती आणि तपासणी पार करून देईन. त्यापुढे दुरुस्तीसाठी महिन्याला ८,००० लागतील."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ती ऐकत होती.

"नाही सर, एकदा केलं की झालं असं नसतं ते. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना बदललात तरी मला तिकडे बदलावं लागणार. लोक थांबलेले असणार."

आणखी बोलणं.

"मग असं करा सर, सध्या खासगी ठेवू. शंभर जणांपर्यंत लिंक देता येते. तुमचे नवे पाच-सहा ग्राहक आधी त्यावर चालवून बघा. खरंच वापरतात का ते कळेल. त्याचे मी १८,००० घेईन. पुढे पब्लिक करायचं ठरलं तर हेच काम वापरता येईल, फुकट जाणार नाही."

त्यांनी उद्या सांगतो म्हटलं. ती बसली. घोटभर पाणी प्यायली. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचं तोंड उतरलं होतं. ४५,००० म्हणजे त्याचा साडेपाच महिन्यांचा पगार.

५:५०

पुन्हा केंद्र. संध्याकाळची रांग मोठी असते. शाळेतून आलेली पोरंही किटल्या घेऊन उभी.

सचिवांना मेसेजमध्ये संस्थेचं पूर्ण नाव हवंय. ती नको म्हणते. कारण पैशाचं आहे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. काना-मात्रा वेगळी मोजली जाते. सत्तरच्या पुढे एक अक्षर गेलं की दोन मेसेजचे पैसे. एक मेसेज साधारण २० पैशांना पडतो. ९० सभासद, दोन वेळा, तीस दिवस: १,०८० रुपये. नाव वाढवलं की २,१६०.

तिने मोबाईलवर मजकूर दाखवला: सकाळ गाय ८.४ लि फॅट ३.८ एसएनएफ ८.५ रु २९४.

"यात काय कमी हाय?" सचिवांनी रांगेतल्या एका बाईंना विचारलं.

"काय न्हाय. रुपये दिसत्यात नव्हं?" त्या म्हणाल्या.

नाव घालायचं नाही असं ठरलं. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने मेसेजचा साचा आधी नोंदवून घ्यावा लागतो. आकड्यांच्या जागा रिकाम्या सोडून बाकीचा मजकूर मंजूर होतो. नंतर त्यात एक शब्द बदलला तरी मेसेज अडतो आणि नवा साचा मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं.

म्हशीवाले काका आले. गाय ओतली, म्हैस ओतली. खिशात दोनदा मोबाईल वाजला. त्यांनी काढून पाहिला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि सायकलला किटल्या अडकवून गेले.

गर्दी ओसरल्यावर सचिव म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही आजारी पडला, न्हायतर पुन्हा पुण्याला गेला, तर ह्ये कोण बगणार?"

ती म्हणाली, "बरोबर विचारलंत."

खासगी जोडणीची खरी कमजोरी हीच. बाहेर कुणी बघितलेली नाही, म्हणून बाहेर कुणाला दुरुस्त करता येत नाही. तिने सहा पानी टिपण लिहिलंय, मराठीत. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, काय बंद पडलं तर काय सुरू करायचं. आणि सर्व्हरचा पासवर्ड बंद पाकिटात. ते पाकीट तिने आज बॅगेतून काढलं. सचिवांनी ते कपाटात ठेवलं आणि रजिस्टरमध्ये नोंद करून तिची सही घेतली. टिपणाची दुसरी प्रत मुलाकडे. त्याने ती वाचून एकदा स्वतः सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचा, हे रविवारचं काम.

७:३०

ऑफिस. टॅलीची जोडणी सार्वजनिक करायची तयारी. नावाची सुरुवात एन-एट-एन-नोड्स अशी करावी लागते, म्हणजे प्लॅटफॉर्मला ती सापडते. एमआयटी परवाना, म्हणजे कुणीही वापरा, बदला, फक्त मूळ लिहिणाऱ्याचं नाव ठेवा. बाहेरच्या कोडवर अवलंबून असलेली एक ओळ तिने काढून टाकली आणि तेवढा भाग स्वतः लिहिला. पडताळणीला पाठवायची तर तशी उसनवारी चालत नाही.

मुलगा म्हणाला, नाही आवडली तर काढून टाकू.

तिने त्याला २०१६ च्या मार्चमधली गोष्ट सांगितली. ही जोडणी जिथे ठेवायची, त्या एनपीएम या कोडच्या सार्वजनिक कोठारातून एका प्रोग्रॅमरने भांडण होऊन आपला सगळा कोड काढून घेतला. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा एक तुकडा होता, अवघ्या ११ ओळींचा. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा. तो नाहीसा झाला आणि जगभरातल्या हजारो प्रोग्रॅमची बांधणी अडली. त्यानंतर नियम कडक झाले. आता ७२ तास उलटले की दिलेली गोष्ट सहजासहजी मागे घेता येत नाही.

"म्हणून आधी तीनदा बघायचं," ती म्हणाली.

तिघांनी मिळून प्रत्येक फाईल उघडली. एका चाचणीच्या फाईलमध्ये कृषी केंद्राचा जीएसटी नंबर राहिला होता. मुलाला दिसला. तो काढला. आणखी एकदा शोधलं: फोन नंबर, नाव, पत्ता. काही नाही. ८:२० ला जोडणी एनपीएमवर गेली. पैसे शून्य.

८:४०

बिल बंद करायची वेळ. चौदा केंद्रांची केंद्राच्या सॉफ्टवेअरमधली बेरीज एका बाजूला, शीटमधली दुसऱ्या बाजूला. तेरा जुळली. एकात फरक. तिने संध्याकाळच्या नोंदी पाहिल्या. त्या गावात सहा वाजता वीज गेली होती, शेवटच्या अकरा नोंदी अडकल्या होत्या. सचिवांना फोन केला. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. नोंदी आल्या. बेरीज पैशापर्यंत जुळली. काकांच्या म्हशीचं दूधही बिलात आलं.

९:१० ला बिलांची व्हाउचरं टॅलीत गेली. उद्या बँकेत यादी, परवा पैसे खात्यावर.

तेवढ्यात मालकांचा मेसेज आला. खासगी चालेल, पाच ग्राहकांपासून सुरू करू, १८,००० मान्य. अर्धे आगाऊ पाठवतो.

तुमच्या संस्थेत, दुकानात, दवाखान्यात कुणी अशी जोडणी करून देत असेल, तर यादीत नाव आहे का हे विचारण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. किल्ली कुणाकडे आहे, आणि तो माणूस नसेल तेव्हा दुरुस्ती कोण करणार. आणि त्या दुरुस्तीचे महिन्याचे पैसे वेळेवर द्या.